कुणालाच न विकलेली हाक

दिवाळी अंकवाल्यांचा माणूस सोनपेठला माझ्या घरी आला, तेव्हा चहा द्यायच्या आधी मी त्याला माझ्या अटी सांगितल्या. वेलांट्या-उकार चुकले असतील ते खुशाल सुधारा, माझी शाळा तिसरीतच सुटली. पण माझा शब्द काढून तिथं तुमचा घालायचा नाही. आणि छापून आल्यावर पानाचा फोटो काढून मोबाईलवर फिरवायचा नाही. ज्याला वाचायचंय त्यानं अंक घ्यावा. तो माणूस हसला. म्हणाला, "आण्णा, तुमच्या लेखाची नक्कल कोण करायलंय?"

नक्कल ह्या एका गोष्टीपायी मी अर्ध्या जिल्ह्याशी भांडून बसलेला माणूस आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं.

माझा धंदा हाक विकायचा. दुपारच्या वेळी गल्लीत ढकलगाडी येते. तिच्या दांडीला भोंगा बांधलेला असतो आणि भोंग्यातून एकच बोलणं पुन्हा पुन्हा निघतं. लसूण घ्या, मीठ घ्या, भंगार द्या, मिक्सर-शेगडी दुरुस्त करा. गाडीवाला स्वतः गप्प असतो. बिडी ओढतो, मोबाईल बघतो. ओरडणारा दुसराच कुणीतरी असतो आणि तो दुसरा आमच्या भागात बरीच वर्षं मी होतो. परभणीच्या गल्ल्यांत मी लसूण विकलाय, पाथरीला गाद्या पिंजून दिल्यात, मानवतला कुलपाच्या किल्ल्या करून दिल्यात. ह्यातलं एकही काम मला येत नाही.

आधी मी भोंगे भाड्यानं द्यायचो. लग्न, जत्रा, निवडणूक. मग डीजेच्या मोठमोठ्या पेट्या घेऊन नवी पोरं आली आणि माझे भोंगे माळ्यावर गेले. त्याच सुमाराला गाडीवाले यायला लागले. "आण्णा, घसा बसतोय. तुमचा आवाज भरून द्या." मी परभणीहून एक जुना कंप्युटर आणला, माईक जोडला आणि हाक भरून द्यायला लागलो. कुणाला पेन ड्राईव्हमधी, कुणाला मेमरी कार्डात. शिकवायला कुणी नव्हतं. बटणं दाबत दाबत शिकलो. जे बटण दाबल्यावर काम बिघडायचं, त्याच्यावर खडूनं फुली मारायचो.

माझं तोंड बंद केलं ते बाबूभाईनं. बाबूभाई परभणीचा, जुन्या कपड्यांवर भांडी देणारा. मी भरून दिलेली हाक घेऊन गेला आणि पुढच्या बाजाराला परत आला.

"आण्णा, आवाज लय दमदार हाय तुमचा. पर बायांना वाटायलंय वसुलीवाला आला. दारं लावून घ्यायल्यात."

आतून, चुलीपुढून हसू आलं. आमची मंडळी पदराला हात पुसत दारात आली. "खरंय त्यांचं," ती म्हणाली. "तुमी हाक मारली की मलाबी पयलं हेच वाटतं, आता काय चुकलं माझं."

"मग तू मार की."

"सरका."

आणि तिनं तिथंच, उंबऱ्यात उभं राहून, रिकाम्या गल्लीला हाक मारली. "या गं बाई या! जुनी लुगडी द्या, नवी भांडी घ्या! बादली घ्या, टोपलं घ्या, चाळणी घ्या, डबा घ्या! घाई न्हाई बाई, हात पुसून या, सावलीला उभी हाय मी!"

समोरच्या घरातून खरंच एक बाई बाहेर आली. बाबूभाई म्हणाला, "बस भाभी. हीच पायजे."

बाईच्या हाकेला बाई बाहेर येते. एवढीशी गोष्ट, पण ती आमच्याआधी ह्या भागात कुणाच्या डोक्यात आली नव्हती, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. बाबूभाईची गाडी थांबेल तिथं बाया गोळा व्हायला लागल्या. आल्या की मिशीवाल्या बाबूभाईला बघून विचारायच्या, "बाई कुठं हाय?" तो म्हणायचा, "बाई सावलीला हाय, मी उन्हाला हाय."

आमचं घर पत्र्याचं. पत्र्याखाली आवाज घुमतो. म्हणून मी खाट उभी करायचो, तिच्यावर गोधड्या टाकायचो आणि त्या तंबूत माईक घेऊन तिला बसवायचो. मी बाहेर, कंप्युटरपुढं, कानाला हेडफोन. भर दुपारी, रस्ता सुनसान असताना, पंखा बंद करून. पहिली हाक मी नेहमी टाकून द्यायचो. पहिल्या हाकेला आवाज नव्या चपलेसारखा कडक असतो. आणि त्या पहिल्या हाकेत तिचा एक हट्ट असायचा. ती भांड्यांच्या सुरुवातीला "परात घ्या" म्हणायची.

"परात नसतीया गाडीवर. किती वेळा सांगू?"

"असायला पायजे. बायांना परात लागती."

हाक संपली की गोधड्यांच्या आतून विचारायची, "आवो, झालं का?"

"न्हाई. आणखी एकदा."

"आता काय राह्यलं?"

"बादलीला जोर कमी पडला."

"बादलीला कसला जोर लावायचा? विहिरीतून वडायचीय का?"

पण मारायची पुन्हा. उकाड्यानं लाल होऊन बाहेर यायची. शेवटचं ते "आवो, झालं का" मी प्रत्येक वेळी कापून टाकायचो. माल स्वच्छ पाहिजे.

एकदा तार आणायला परभणीला गेलो होतो. स्टेशनच्या बाजूला उतरलो आणि तिची हाक कानावर आली. मला वाटलं बाबूभाई असेल. जवळ गेलो तर गाडी भलत्याचीच. पुढच्या चौकात आणखी एक, तोही भलताच. ह्यांना मी कधी काही विकलं नव्हतं. लोक म्हणतात त्यात रागवायचं काय. मी एवढंच सांगतो, मला असं वाटलं की आपली बायको आपल्याला न सांगता परक्यांच्या गाड्यांवर बसून गावभर फिरतीय.

मी पोलीस ठाण्यात गेलो. जमादारानं विचारलं, "काय गेलं?"

"हाक गेली."

"कसली हाक?"

सगळं समजावून सांगितलं. तो पेन खाली ठेवून म्हणाला, "बैल चोरीला गेला तर दावणीला बैल उरत न्हाई. तुमची हाक तुमच्या कंप्युटरमधी हाय का?"

"हाय."

"बायको घरी हाय का?"

"हाय."

"मग बाबा, तुमच्याकडचं कमी काय झालं?"

त्याला उत्तर देता आलं नाही, म्हणून मी घरी येऊन कुलूप तयार करायला बसलो. मेमरी कार्ड भोंग्याला जोडायच्या डबीत कथलाचा डाग देऊन पक्कं केलं आणि वरून टाकीची गळती बुजवायची माती थापली. डबी फोडली तर कार्ड तुटलंच पाहिजे. पेन ड्राईव्ह देणं बंद. पण आवाजाला कुलूप नसतं. डबीतून नक्कल निघेना, तेव्हा लोकांनी वाजत्या भोंग्यापुढं मोबाईल धरला. झाली नक्कल.

मग मी जे केलं त्याचा मला आजही अभिमान आहे. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी भांड्यांचा क्रम बदलला. एकाला बादली, टोपलं, चाळणी, डबा. दुसऱ्याला चाळणी आधी. तिसऱ्याला डबा पुढं, बादली शेवटी. ऐकणाऱ्या बाईला फरक कळत नाही, पण मला ऐकताक्षणी कळायचं की ही नक्कल कुणाच्या डबीतून बाहेर पडलीय. बैलाला डाग देतात, तसा मी हाकेला डाग दिला होता आणि तो कुणाला दिसत नव्हता.

पहिला सापडला तो बाबूभाईच.

"बाबूभाई, तुमच्या मेव्हण्याच्या गाडीवर डबा आधी कामून वाजायलाय?"

"डबा आधी वाजला तर काय होतंय आण्णा?"

"डबा आधी फकस्त तुमाला दिला होता."

तो कपाळाला हात लावून म्हणाला, "या खुदा. भांड्यांनीच चुगली केली."

मेव्हण्याच्या मोबाईलमधून ती हाक मी उभं राहून पुसायला लावली. त्यानंतर जिथं जिथं नक्कल ऐकली तिथं एसटीनं गेलो आणि पुसायला लावली. गंगाखेड, पाथरी, सेलू. गाडीवाले मला लांबून बघून भोंगा बंद करायचे. "आला बघा पुसायवाला," म्हणायचे. म्हणू देत. मला माझ्या मालाची इज्जत होती.

आमच्या गल्लीत कौसाबाई होती. नवरा गेलेला, नवीनच ढकलगाडी घेतलेली. ती म्हणाली, "आण्णा, मलाबी एक हाक द्या की, माणुसकीवर." मी म्हणालो, सगळ्यांना जो नियम तोच तुला. ती माघारी फिरली आणि पुढं पोराकडं बोरीला राहायला गेली. तिला नाही म्हटलं त्या दिवशी मंडळी माझ्यावर बिघडली.

"आवाज माझा, अन् भांडण तुमचं."

"माल हाय तो."

"मी माल हाय का?"

"तू न्हाई. हाक."

"हाक कुणाची?"

"कंप्युटर कुणाचा? माईक कुणाचा? भोंगा कुणाचा?"

"अन् गोधड्या कुणी शिवल्या?" असं म्हणून ती आत गेली. हे भांडण तिथंच राहिलं.

माझा आणखी एक नियम होता. मूळ हाक एकाच जागी ठेवायची, माझ्या कंप्युटरमधी. दुसरी प्रत म्हणजे चोराला दुसरं दार. कंप्युटरला परवलीचा शब्द घातलेला, तो फक्त मला ठाऊक.

मंडळी आजारी पडली ती उठली नाही. परभणीच्या दवाखान्यात शेवटी शेवटी तिला बोलता येत नव्हतं. नळी होती. ती नुसती बघायची. त्याच्यावर मी जास्त लिहिणार नाही.

दिवसपाणी झालं, पाव्हणे गेले, लेक सासरी गेली. घरात आवाज म्हणून राहिला नाही. एका दुपारी मी कंप्युटरवरचं फडकं काढलं. म्हटलं तिची हाक ऐकावी. बटण दाबलं. आतून टक टक आवाज आला आणि पडदा काळाच राहिला. परभणीला नेला. दुकानदारानं उघडून बघितलं. म्हणाला, "काका, आतली तबकडी गेली. दुसरीकडं कुठं प्रत ठेवली असंलच ना?"

मी नाही म्हणालो. तो हळहळला. मी त्याला हळहळायला सांगितलं नव्हतं.

मग मी माझ्या गिऱ्हाइकांकडं गेलो. डब्या कधीच्याच भंगारात गेलेल्या. आता मोबाईलवरच तयार आवाज मिळतात, कुठल्या लांबच्या बाईचे, सगळ्या गावांत एकच. बाबूभाईच्या घरी गेलो. त्यानं पाणी दिलं, जवळ बसला. "आण्णा, भाभीचा आवाज ठेवला असता. पर तुमी पुसायला लावला. माझ्या मेव्हण्याचा पुसला, त्याच्या दोस्ताचा पुसला. तुमचा वचक लय होता." त्यानं हे टोमणा म्हणून सांगितलं नाही. तेच जास्त लागलं.

लेकीच्या लग्नाची शूटिंग काढून बघितली. त्यात मंडळी नुसती इकडून तिकडं फिरते, वर बँड वाजतोय. फोनवर तिचं बोलणं कुठून असणार? एका घरात राहणारी माणसं एकमेकांना फोन करत नसतात. आता जमादाराला उत्तर देता आलं असतं. पण तो बदलून गेला होता.

लोक म्हणतात, आण्णा तुमचा नियमच चुकला. मी तसं मानत नाही. कुलूप लावणाऱ्याच्या घराला आग लागली म्हणून कुलूप वाईट ठरत नाही. पण हे मी ज्या घरात बसून म्हणतो, तिथं "खरंय तुमचं" म्हणायला कुणी नाही आणि "चूक हाय" म्हणायलाही नाही. एकट्यानं भाकरी थापायची, एकट्यानं खायची. दुपारी गल्लीत गाडी येते, त्या लांबच्या बाईचा आवाज येतो. मी दार लावून घेतो.

लेक, सुनीता, बोरीला दिलेली. सारखा फोन करायची. "आण्णा, इकडं या. एकदा तरी या. बाजाराच्या आदल्या दिवशी या अन् ऱ्हावा." लेकीच्या घरी बापानं मुक्काम करायचा नसतो, हे आमच्या बापापासूनचं. लग्न लावून दिल्यापासून मी तिचा उंबरा ओलांडला नव्हता. माय जायची, मी नाही. मी दरवेळी नको म्हणायचो आणि ती दरवेळी बाजाराचाच दिवस काढायची. मला वाटायचं, जावयाला बाजारातून काही आणायला माणूस पाहिजे असेल.

शेवटी ती फोनवर रडली. तेव्हा गेलो. सोनपेठहून परभणी, परभणीहून बोरी, एसटीनं. रात्री धड झोप लागली नाही, लेकीच्या घरचं अन्न म्हणून घशाखाली उतरत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या ओसरीवर पाय पसरून बसलो होतो. ती आत पीठ मळत होती.

लांबून भोंगा ऐकू आला. आधी नुसती घरघर. मग गाडी वळणावर आली आणि साफ ऐकू आलं.

"या गं बाई या! जुनी लुगडी द्या, नवी भांडी घ्या! परात घ्या, बादली घ्या, चाळणी घ्या..."

परात.

परात मी कुणालाच विकली नव्हती. बाबूभाईला नाही, कुणालाच नाही. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांचे क्रम मला तोंडपाठ होते आणि त्यांच्यात ही हाक नव्हती. मी उठून उभा राहिलो.

"...घाई न्हाई बाई, हात पुसून या, सावलीला उभी हाय मी!"

आणि जरा थांबून, हळू, भोंग्याला नाही तर एका माणसाला विचारावं तसं, "आवो, झालं का?"

मी अनवाणीच पळालो. ह्या वयात पळणं म्हणजे काय, ते बघणारे सांगतील. गाडीपाशी तिशी-पस्तिशीची बाई उभी होती, डोक्यावर पदर, दोन बायांशी जुन्या साड्यांची घासाघीस चाललेली. मी भोंग्याला हात घातला.

"ही कुठून आणली? कुणी दिली?"

ती घाबरली. "तुमी कोण?"

"सोनपेठचा. भोंगेवाला."

तिचा चेहराच उतरला. "अगं बाई. आण्णा? मी मंगल, कौसाबाईची सून. आण्णा, पाया पडते, भांडू नका. पुसून टाकते. आत्ताच पुसते." तिनं घाईनं मोबाईल काढला आणि अंगठा पडद्यावर नेला.

"थांब!" मी एवढ्या जोरानं ओरडलो की साड्यावाल्या बाया मागं सरकल्या. "हात काढ. काढ आधी तो हात."

तिनं मोबाईल छातीशी धरला. ती भराभर बोलायला लागली. सासूचे गुडघे गेलेत, आता गाडी हीच फिरवते. सोनपेठला असताना तुमच्या मंडळींनी सासूबाईचा मोबाईल मागून घेतला होता, गोधडीत लपवून नेला होता आणि तुम्ही बाहेर बसला होतात तेव्हा आतल्या आत भरून दिली. "सासूबाईला म्हणाल्या, सोनपेठात वाजवू नका, परभणीत वाजवू नका, बोरीला गेल्यावर वाजवा. लेकीच्या गावाला हे कदी जात न्हाईत."

"आणखी काय म्हणली?"

मंगल खाली बघून म्हणाली, "म्हणल्या, माणूस वाईट न्हाई, मालाच्या बाबतीत जरा खुळं हाय."

मला आठवलं. एका दुपारी ती गोधड्यांत शिरायला वेळ लावत होती, पदर सावरत होती, आणि मी बाहेरून ओरडत होतो, कंप्युटर तापायलाय म्हणून. एवढी वर्षं मी सगळ्या जिल्ह्यात चोर शोधत फिरलो आणि चोर माझ्यापासून एका गोधडीच्या अंतरावर बसून परात विकत होता.

मागून सुनीता आली होती. हाताला पीठ तसंच.

"तुला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"आठवड्याला ऐकते आण्णा. दारात उभी ऱ्हाते."

"मग सांगितलं कामून न्हाई?"

"सांगितलं असतं तर तुमी पुसायला आला असता." ती डोळे पुसायला गेली आणि गालाला पीठ लागलं. "म्हणून म्हणलं, सांगायचं न्हाई. नुसतं बोलवायचं. एकदा ऐकत्याल तर खरं, मग काय करायचं ते करत्याल."

"तुज्या मोबाईलमधी घेतली न्हाईस?"

"तुमची लेक हाय मी. न इचारता कशी घेऊ?"

हे तिनं असं म्हटलं की मला अभिमान वाटावा की कपाळ बडवून घ्यावं, कळेना.

मंगल अजून मोबाईल धरून उभी होती. "आण्णा, मग वाजवू का नको? तुमी म्हणाल तसं. पर एक सांगते, गावाला ही सवय लागलीय. शेवटी त्या 'झालं का' म्हणल्या की पोरं वरडत्यात, झालं झालं. अन् परात ऐकून बाया परातच मागायच्या. मग मी परात ठेवायला लागले." गाडीवर खरंच परात होती. मधोमध, उन्हात चकाकत.

"मला काय इचारतीस?" मी म्हणालो. "मी न्हाई दिली ती तुला. जिची होती तिनं दिली." आणि सुनीताला म्हणालो, "तुला पायजे असंल तर हिला इचार. आता ही मालकीण."

"घ्या की ताई," मंगल म्हणाली. "त्यात काय इचारायचं?"

त्या दोघी मोबाईलला मोबाईल लावून काहीतरी करत राहिल्या. माझा फोन नुसत्या बटणांचा, त्यात काही येत नाही. मी मंगलला म्हणालो, "पुढं चल. वाजव. अन् शेवटचं कापू नको कदी."

ती गाडी ढकलायला लागली. मी लिंबाच्या सावलीला उभा राहिलो. भोंगा सुरू झाला. परात झाली, बादली झाली. आता ऐकलं तर खरंच बादलीला जोर कमी होता. चाळणी झाली, टोपलं झालं, डबा झाला. हात पुसून या झालं. गल्लीतली पोरं तोंडं उघडून तयार बसली होती.

"आवो, झालं का?"

"न्हाई," मी मोठ्यानं म्हणालो. पोरं माझ्याकडं बघायला लागली. "आणखी एकदा."

आणि तिनं मारली.